जुन्या स्लॅब पुलाचा शिअर तपासताना चाकाचा भार किती रुंदीवर वाटायचा?

तुम्ही विचारलेला स्लॅब ६ मीटर गाळ्याचा, ५०० मिमी जाड, एम२० काँक्रीटचा (ताकद २० एमपीए, म्हणजे न्यूटन प्रति चौ. मिमी). शिअर म्हणजे टेकूजवळ स्लॅब कापू पाहणारं बळ; ते पेलायला रिंगा नाहीत. रुंदीचं सांगतोच, पण त्याआधी टेकूपाशी खालच्या थरात सळई किती उरते ते बघा.

आयआरसी ११२ (इंडियन रोड्स काँग्रेसची काँक्रीट पुलांची संहिता) प्रमाणे काँक्रीटची शिअर क्षमता = ०.१२ × के × (८० × रो × एफसीके)^०.३३. इथे के = १ + √(२००/डी), कमाल २; डी म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतची खोली मिमीमध्ये, रो म्हणजे सळईच्या क्षेत्रफळाचं काँक्रीटच्या छेदाशी (रुंदी × डी) प्रमाण, एफसीके म्हणजे काँक्रीटची ताकद. डी ४५० धरला तर के १.६७. मधल्या भागात २० मिमी सळ्या १२५ मिमीवर असतील तर रो ०.००५६, क्षमता ०.४१ एमपीए. पण जुन्या स्लॅबमध्ये एकाआड एक सळई टेकूजवळ वर वळवलेली असते. म्हणजे तिथे रो निम्मा, क्षमता ०.३३. मीटरमागे १८५ ऐवजी १४८ किलोन्यूटन! ड्रॉइंगवर मधल्या छेदाचा आकडा असतो, तोच उचलला की फसगत. उरलेली सळईसुद्धा छेदापुढे बंधलांबी (काँक्रीटमध्ये पकड बसायला लागणारी लांबी) अधिक डी इतकी गेलेली हवी, नाहीतर मोजू नका.

आता रुंदी. α·a(१−a/l)+b१ हे सूत्र वाकण्यासाठी आहे (α गुणांक, a भाराचं जवळच्या टेकूपासून अंतर, l गाळा, b१ रस्त्याच्या थरातून पसरलेली चाकाची रुंदी). भार टेकूकडे सरकला की ते चाकाच्या रुंदीवर येऊन थांबतं आणि शिअर अवास्तव वाढलेला दिसतो. मी फ्रेंच पद्धत वापरतो: चाकाच्या टेकूपासून लांबच्या कडेपासून टेकूच्या तोंडापर्यंत ४५ अंशांनी पसरवायचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या स्लॅब चाचण्यांशी हीच जास्त जुळली.

क्लास ए (आयआरसीचं प्रमाण वाहन) चा ११.४ टनी आस घ्या. टायरचा ठसा ५०० × २५०, वेअरिंग कोट (स्लॅबवरचा रस्त्याचा थर) ७५ मिमी, प्रत्येक बाजूला तेवढा पसरून ६५० × ४००. चाकाची जवळची कड तोंडापासून २डी म्हणजे ९०० मिमीवर ठेवा. त्याहून जवळचा भार थेट टेकूत उतरतो, म्हणून त्याला av/२डी ने कमी करता येतं (av म्हणजे चाकाच्या जवळच्या कडेचं तोंडापासूनचं अंतर). रुंदी = ६५० + २(९००+४००) = ३२५० मिमी. चाकं १८०० वर असल्याने पट्टे एकमेकांवर येतात. दोन्ही चाकांना मिळून ५०५० मिमीच. स्लॅबची कड आधी आली तर तिथेच कापा.

तिरक्या पुलात विशालकोनाच्या कोपऱ्यात शिअर साठतो. संगणकी मॉडेलचा तिथला सर्वोच्च आकडा ४डी रुंदीवर सरासरी करून घ्या.

कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून एम३० निघाला तरी क्षमता जेमतेम १४ टक्के वाढते. त्यापेक्षा टेकूपाशी कव्हर मीटर (काँक्रीटमधली सळई शोधणारं यंत्र) फिरवा, आणि डांबराचे थर किती चढलेत ते मोजा. १०० मिमी म्हणजे चौरस मीटरला २.२ किलोन्यूटन, तेही १.७५ या सुरक्षा गुणकाने.