पिको-फॉलच्या दुकानाची पाटी

प्रश्न : सांगलीच्या खणभागात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवण्याचे काम सुरू केले आहे. पहिला फ्लेक्स वर्षभरात उन्हाने विटला आणि वळवाच्या वाऱ्यात फाटला. पुन्हा तेवढा खर्च परवडणारा नाही. पाटी घरीच तयार केली, तर गिऱ्हाइकांवर वाईट छाप पडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती भीती बाळगू नका. साडीच्या काठाला बारीक, सरळ टाका घालणाऱ्या हाताने केलेली पाटी हा त्या कामाचा पहिला नमुनाच असतो. पंक्चरवाला जुन्या टायरवर पांढऱ्या रंगाने एक शब्द लिहून तो रस्त्याकडेला टांगतो, किल्ल्या करून देणारा पत्र्याची हातभर लांब किल्ली कापून लावतो आणि रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू तर वाचता न येणाऱ्यालाही बोलावून घेतात. या सर्वांनी आपल्या धंद्यातलीच वस्तू पुढे केली आहे.

पाटीसाठी १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्यावा. झाकण आणि तळ कापून, एका कडेला चिरून चारही बाजू उलगडल्या की साधारण ३ फूट लांब आणि १ फूट उंच पत्रा मिळतो. कापलेली कड हाताला लागते, म्हणून ती हातोडीने आत दुमडावी. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ओशटपणा पूर्ण काढावा, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतात. मग पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात आणि पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात. पिवळ्यावर काळी अक्षरे लांबून ठळक दिसतात. रेल्वे स्थानकांची नावे तशीच लिहिलेली असतात. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण ती रंगात कालवण्याचा मोह टाळावा, कारण हळदीचा पिवळेपणा उन्हात टिकत नाही.

खरी कसोटी अक्षरांची आहे. घरगुती पाट्या बिघडतात त्या बहुधा शिरोरेघ फार वर ओढल्यामुळे, कारण मग वेलांटी आणि मात्रा यांना जागाच उरत नाही. ‘पिको-फॉल’ या शब्दात वेलांटी, मात्रा आणि अर्धचंद्र ही सगळी चिन्हे रेघेच्या वर आहेत, खाली एकही नाही. म्हणून वर ४ इंच सोडून, दोरीला खडू चोळून रेघ मारावी, अक्षरे ६ इंचांची काढावीत आणि खाली थोडी जागा मोकळी ठेवावी. १ इंच उंचीचे अक्षर साधारण १० फुटांवरून सहज वाचता येते, त्या हिशेबाने आपली पाटी ६० फुटांवरून वाचता येईल. वेळ आणि मोबाइल क्रमांक या पत्र्यावर कोंबू नयेत, त्यांच्यासाठी दाराशी लहान पाटी पुरे. त्याऐवजी रिकामी रिळे रंगवून दोरीत ओवावीत आणि ती माळ पाटीखाली सोडावी. शिवणकामाची ओळख पटवायला ती पुरेशी आहे.

इंग्रजी नाव जोडायचे झाल्यास एक ध्यानात ठेवावे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार देवनागरीतील मराठी नाव आधी यावे लागते आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

पाटी भिंतीत पक्की ठोकू नये, दोन आकड्यांवर टांगावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात कुठवर आले, हे आपण पाहिलेच आहे. तशी वेळ आलीच, तर शिलाई मशीनबरोबर पाटीही माळ्यावर चढवता येईल, आणि एरवी दिवाळीच्या आधी ती खाली घेऊन काळ्या अक्षरांवर रंगाचा एक हात फिरवणे सोपे जाईल.