ब्रॅकेट घ्यायच्या आधी कॅमेरा उभा धरून बघा

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, दोन वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी घेतोय, जास्त करून मिरज-तासगाव साइडला. कॅननची बॉडी आहे आणि एक फ्लॅश. आडवे फोटो बरे येतात पण कॅमेरा उभा केला की नवरीच्या एका बाजूला बॅकड्रॉपवर काळीकुट्ट सावली पडते, परवा एका पार्टीनं अल्बम बघताना 'ही मागं कोण उभी आहे' असं विचारलं. दुकानदार म्हणतोय फ्लॅश लावायचं ब्रॅकेट, म्हणजे एल आकाराची पट्टी घ्या साडेचारशेला, मित्र म्हणतो फिरणारं ब्रॅकेट घे, पण ते महाग पडतंय. कुठलं घेऊ? आणि त्यानं लाइट सॉफ्ट होईल का?

उत्तर: हसू आलं खरं, पण अशा 'मागं उभ्या असलेल्या' बायका माझ्या जुन्या अल्बममध्ये पण बऱ्याच आहेत. शेवटचं आधी सांगतो, लाइट सॉफ्ट होणार नाही. लाइट देणारी वस्तू मोठी झाली की तो सॉफ्ट होतो, म्हणजे छत, भिंत, छत्री, सॉफ्टबॉक्स. ब्रॅकेटवर चढवला म्हणून फ्लॅशचं तोंड काही मोठं होत नाही, तळहाताएवढं पण नसतं ते. सावली तेवढीच कडक राहणार, फक्त ती कुठं पडायची ते बदलतं, आणि तुम्हाला तेवढंच पाहिजे.

कॅमेरा आडवा असताना फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर असतो, त्यामुळं सावली माणसाच्या मागं खाली जाते आणि दिसत नाही. उभा केला की तोच फ्लॅश लेन्सच्या शेजारी येतो आणि सावली बाजूला उठून दिसते. आता ती एल पट्टी बघा, ती कॅमेऱ्याच्या बुडाला लागते आणि डाव्या बाजूनं वर येते, म्हणजे कॅमेरा आडवा असताना फ्लॅश डावीकडं! डावी बाजू वर करून कॅमेरा उभा धरला तर फ्लॅश डोक्यावर येईल, तुमचा उभ्याचा त्रास जाईल, पण आज जे आडवे फोटो चांगले येतायत त्यात सावली घुसेल. आगीतून फुफाट्यात. जुने लोक मेट्झ ४५ सारखा दांड्याचा फ्लॅश असाच बाजूला लावून लग्नं काढायचे, त्यांचे भिंतीजवळचे आडवे फोटो शोधून बघा, सावली उजवीकडं सापडेल.

म्हणून मित्राचं ऐका. फिरणाऱ्यात पण दोन प्रकार येतात, एकात फ्लॅशचा दांडा फिरतो, म्हणजे कॅमेरा उभा केला की दांडा पलटून परत लेन्सच्या वर आणायचा, दुसऱ्यात मूठ आणि फ्लॅश जागेवर सरळ राहतात आणि नुसता कॅमेराच फिरतो. दुसरा वापरायला भारी पण वजनदार. फ्लॅशच चारशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्यात चार सेल म्हणजे अजून शंभर-एक ग्रॅम, मग बॉडी, लेन्स, वर हे लोखंड, आणि मुहूर्त मे महिन्यातला साडेबाराचा. मी तुमच्या जागी असतो तर हलका, दांडा फिरणारा घेतला असता.

दुकानात जाताना स्वतःची बॉडी आणि फ्लॅश घेऊनच जा. बुडाचा स्क्रू पाव इंची असतो, तो सगळ्या कॅमेऱ्यांना बसतो, पण एकच स्क्रू असल्यानं कॅमेरा पट्टीवर गरागरा फिरतो, म्हणून खाली रबर नाहीतर कॉर्क आहे का बघा, घट्ट आवळा आणि दोन्ही अंगठ्यांनी कॅमेरा ढकलून बघा. जरा जरी हलला तर ठेवून द्या, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे. ब्रॅकेटवर फ्लॅश ज्या खाचेत बसतो तो शू उघड्या धातूचा असला तर फ्लॅशच्या खालच्या पिना त्याला टेकून शॉर्ट होतात आणि फ्लॅश मनात येईल तेव्हा उडतो, तिथं इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला की झालं.

आणि कॅमेऱ्याच्या बुडाचं बॅटरीचं झाकण! याचा मला एकदा चांगलाच धडा मिळालाय. मिरजेत एका नात्यातल्या लग्नात माझी पट्टी बरोबर बॅटरीच्या झाकणावर आलेली, घरी कधी लक्षातच आलं नाही कारण घरी बॅटरी संपत नाही. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना संपली. पट्टी सोडवायला खिशातनं रुपयाचं नाणं काढून स्क्रूच्या खाचेत घातलं, घामानं ते निसटून तांदळात पडलं, आणि मी खाली वाकून अक्षतांमध्ये रुपया शोधतोय तोवर अंतरपाट खाली. हार घालतानाचा फोटो आजतागायत त्या घरात नाही, मामी अजून ऐकवते. तेव्हा पट्टी लावून झाकण उघडतं का ते दुकानातच उघडून बघा.

आता फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या शूवरनं काढला की कॅमेऱ्याला जोडायचा कसा, हा खर्च दुकानदार सांगत नाही. टीटीएल कॉर्ड लागते, म्हणजे जिच्यातनं कॅमेरा स्वतःच फ्लॅशची पॉवर ठरवतो ती वायर, आणि ती कॅननची कॅननलाच, निकॉनच्या पिना वेगळ्या असतात. साध्या सिंक कॉर्डनं फ्लॅश नुसता उडतो, पॉवर दरवेळी हातानं ठेवायची. फ्लॅशमध्ये रेडिओ रिसिव्हर असेल तर कॅमेऱ्यावर ट्रिगर लावा, वायरच नको. पण पैसे वाचवायला एस वन मोडवर टाकू नका, त्या मोडला दुसऱ्या कुणाचाही फ्लॅश दिसला की तुमचा पण उडतो, लग्नात तर नवरदेवाच्या मित्रांसकट सगळेच फ्लॅश मारत असतात, अर्ध्या तासात सेल बसतील.

एक फुकटातलं पण सांगतो. स्टेजवरचा सोफा डेकोरेशनवाले बॅकड्रॉपला चिकटवून ठेवतात, तो पाच-सहा फूट पुढं घ्यायला लावा, निम्मी सावली तिथंच मरते. कार्यालयाला पांढरा बुटका स्लॅब असेल तर फ्लॅशचं तोंड सरळ वर करा, ब्रॅकेट बॅगेतनं काढूच नका. मांडवात गुलाबी कापड असेल तर मात्र हे नको, सगळं वऱ्हाड गुलाबी होतं. हळदीचा दिवस सोडून द्या, त्या दिवशी आपल्या सांगलीत माणसं तशी पण पिवळीच.

प्रश्न: साताऱ्याहून लिहितेय. भाचीच्या बारशाचे फोटो साध्या छोट्या कॅमेऱ्यावर काढले, सगळ्यांचे डोळे लाल आलेत. ब्रॅकेट घेतलं तर ही लाली जाईल का?

उत्तर: ताई, घरच्या कार्यक्रमाला ब्रॅकेट कशाला. अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी उघडी असते, छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, त्यामुळं तो उजेड डोळ्याच्या मागच्या रक्ताच्या पडद्यावरनं सरळ लेन्समध्ये परत येतो, तो लाल दिसतो. खोलीतले सगळे दिवे लावा, बाहुल्या बारीक होतात, आणि थोडं जवळ जाऊन काढा. कॅमेऱ्यात डोळ्याचं चित्र असलेला मोड असतो, तो आधी एक उजेड टाकतो आणि मग फोटो घेतो, उपयोगी आहे, पण पहिल्या उजेडाला लोकांना वाटतं झाला फोटो, आणि खऱ्या फ्लॅशच्या वेळी आजीसकट सगळे पेढ्याच्या ताटाकडं वळलेले असतात. 'दोनदा चमकणार आहे' असं आधी ओरडून सांगा.