दुर्बीण आधी की मंडळ आधी?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. वय ४६, एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आठवीतल्या मुलाला आकाशाची गोडी लागली म्हणून ६० मिलिमीटरची दुर्बीण ऑनलाइन मागवली. खोक्यावर ‘५२५ पट’ असे छापले आहे. प्रत्यक्षात चंद्राखेरीज धड काही सापडत नाही आणि चंद्रही सारखा थरथरतो. आता मोठी दुर्बीण घ्यावी, की मुलाला घेऊन एखाद्या खगोल मंडळात जावे? माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. तिथे माझा निभाव लागेल का?

उत्तर : मोठी दुर्बीण तूर्त घेऊ नका. आधी मंडळात जा, आणि जाताना ही लहान दुर्बीणही बरोबर न्या.

त्या ५२५ चा हिशेब आपल्याला चटकन कळेल. अशा दुर्बिणीचे नाभीय अंतर, म्हणजे पुढच्या भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर, बहुधा ७०० मिलिमीटर असते. त्याला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या बाजूच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसेल तो आकडा मिळतो. २० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ३५ पट आणि ४ मिलिमीटरची लावली तर १७५ पट. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की कागदावर ५२५ तयार होतात. मात्र दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या फार तर दुप्पट पट प्रतिमा कामाची राहते, म्हणजे आपल्या दुर्बिणीची मजल १२० पर्यंत. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी, अंधूक आणि पुसट होत जाते, आणि हलक्या तिपाईचा प्रत्येक हेलकावाही तितक्याच पटीने वाढतो. तेव्हा बार्लो खोक्यातच राहू द्या, २० मिलिमीटरची नेत्रिका लावा आणि दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून, दूरच्या एखाद्या मोबाईल टॉवरचे टोक मुख्य दुर्बिणीत मध्यभागी आणा. मग शोधक दुर्बिणीचे, म्हणजे नेम धरण्यासाठी वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे, स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही फुलीवर बसवा. एवढे केल्यावर याच दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. संचात नेत्रिकेला लावायची छोटी काळी ‘सूर्यकाच’ आली असेल तर ती आजच फेकून द्या. एकवटलेल्या उन्हाने ती तडकते, आणि तडकली की डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचाच असेल तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा योग्य फिल्टर लागतो, आणि तोही प्रथम जाणत्याच्या देखरेखीखालीच वापरावा.

आता मंडळाविषयी. हॅलेच्या धूमकेतूने १९८५-८६ मध्ये अनेकांना आकाशाकडे ओढले. मुंबईचे खगोल मंडळ हे त्याच काळातले. कर्जत लोकलने बदलापूर ओलांडले की येणारे वांगणी हे त्यांच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाचे ठिकाण म्हणून ओळखले जाते, आणि ते आपल्या घरापासून फार दूर नाही. असे कार्यक्रम बहुधा अमावास्येच्या आगेमागे येणाऱ्या सुट्टीच्या रात्री असतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे आकाशदर्शन जवळजवळ बंदच असते आणि तो काळ व्याख्यानांत जातो. सभासदत्वाचा अर्ज भरण्याची घाई न करता आधी एका खुल्या कार्यक्रमाला जाऊन या. मुक्काम, स्वच्छतागृह आणि परतीची गाडी यांची चौकशी फोनवर निःसंकोच करावी. रात्रीच्या कार्यक्रमाला प्रथमच येणाऱ्या बायका हेच विचारतात आणि त्यांनी ते विचारायलाच हवे.

जानेवारीतल्या अशा एका रात्रीचे चित्र सांगतो. संध्याकाळी मृग, रोहिणी आणि कृत्तिका वर आलेल्या असतात. कोणीतरी हिरव्या लेझरने मृगाच्या पोटातला बाण दाखवतो, तोच सरळ पुढे नेऊन व्याधापर्यंत पोहोचवतो, आणि पाठ्यपुस्तकात कधीच न जुळलेली आकृती अकस्मात जुळते. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी वाया जातात. म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधून न्यावा. तीनच्या सुमारास दव पडते, भिंगे धुरकटतात, चटई ओली होते आणि निम्मी मंडळी घोरत असतात. जे जागे राहतात त्यांना, पश्चिमेला मृग मावळून गेल्यावर, पहाटे पूर्वेला वृश्चिक उगवताना दिसतो. शिवाय तिथे चार-पाच वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावायला मिळतो. सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, उचलताना कंबर किती भरते, हेही कळते. घरी घ्यायची दुर्बीण त्यानंतर ठरवली तर पैसे बुडत नाहीत. माझे मत विचाराल तर पहिली खरेदी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; १० पट, भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर) असावी.

निभावाचे म्हणाल तर एक खासगीतली गोष्ट सांगतो. तारे ओळखणारे लोक मंडळांना पुष्कळ मिळतात, वर्षाअखेर जमाखर्च जुळवून देणारा माणूस मात्र मिळत नाही. आपण हिशेबनीस आहात हे पहिल्याच भेटीत सांगू नका, एवढाच सल्ला देईन. नाहीतर आकाश पाहण्याआधी खजिनदारपद गळ्यात पडेल. निरीक्षणाच्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि आकाशाची स्थिती नेमकी टिपण्याची शिस्त मात्र आपल्याकडे आधीपासूनच आहे, आणि ती शिकवायला मंडळांना वर्षे लागतात.

प्रश्न : पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जावे असे वाटते, पण नावावरून शंका येते. तिथे पत्रिका शिकवतात का?

उत्तर : नाही. ज्योती म्हणजे आकाशातल्या तेजस्वी वस्तू, आणि त्यांची विद्या ती ज्योतिर्विद्या. फलज्योतिषाशी तिचा संबंध नाही. ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली आणि हौशी खगोलप्रेमींच्या देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते. पत्रिकांचे म्हणाल तर पुण्यातच जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखून वेगळ्या करायच्या होत्या, २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि छापा-काटा करून जेवढे यश आले असते त्याहून ते सरस ठरले नाहीत.

प्रश्न : आमचे गाव लातूर जिल्ह्यात आहे. जवळपास खगोल मंडळ नाही. मग काय करावे?

उत्तर : आपल्या अंधाराचा हेवा डोंबिवलीकरांना वाटेल. मंडळ नसेल तर तीन-चार जण मिळून महिन्यातून एकदा ठरलेल्या गच्चीवर जमा आणि काम म्हणून एकच तारा घ्या. शर्मिष्ठा आणि कृत्तिका यांच्या मध्ये ययाती हा तारकासमूह आहे. त्यातला अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्या आड येतो. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), सुमारे २.१ असते, ती ३.४ पर्यंत उतरते आणि दहाएक तासांत पूर्ववत होते. दुर्बीण लागत नाही. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने स्वतंत्रपणे अंदाज लिहायचा आणि दुसऱ्याची वही सकाळपर्यंत पाहायची नाही. डिसेंबरात हा तारा संध्याकाळीच डोक्याच्या आसपास असतो, तेव्हा आरामखुर्ची किंवा चटई आणि दोन गोधड्या मात्र लागतील.