गोधडीच्या घडीतलं कार्ड

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. कॉलेजातल्या शिबिरात तिचं रक्त तपासलं आणि सगळ्यांसमोर नाव पुकारून 'सिकलसेल वाहक' लिहिलेलं कार्ड हातात दिलं. तिला काही त्रास नाही, माझ्या बरोबरीनं रोवणी करते. पण साक्षगंध आठ दिवसांवर असताना मुलाकडच्यांना कार्डाचं कळलं आणि त्यांनी सोयरीक मोडली. माझा मुलगा म्हणतो, विज्ञान पुढे गेलं म्हणून आधी कळलं, ही प्रगतीच आहे. मला वाटतं, आजीच्या काळी काही कळत नव्हतं तेच बरं होतं. आता दुसरं स्थळ आलंय. कार्ड मी गोधड्यांच्या घडीत ठेवलंय. दाखवू की नको?
– एक आई, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, आधी मला सांगा, त्या मुलाचं रक्त कुणी तपासलं होतं का? तुमच्या पत्रात तसं काही नाही. तुमची लेक वाहक आहे म्हणजे आईवडिलांकडून मिळालेल्या जोडीतला एकच जनुक सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा, आहे. ती आजारी नाही. मुलगा वाहक नसेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही, फार तर काही मुलं तिच्यासारखीच वाहक होतील. दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी, बरं का. 'पहिली तीन चांगली झाली की चौथं आजारी' असा हिशेब लोक करतात, तो चूक आहे.

आजीच्या काळाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. हातपाय इतके ठणकत होते की आई रात्रभर नडग्यांना तेल चोळत बसायची. घरचे वात समजत होते. त्याआधी त्यांची दोन मुलं गेली होती, कशानं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, औषध घातलं, वरून काच बंद केली. थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या. त्या आईला पहिल्यांदा आजाराचं नाव मिळालं आणि मुलाला औषधपाणी सुरू झालं. ते दिवस परत यावेत असं मला कधीच वाटणार नाही.

पण तुमच्या मुलाचं म्हणणंही मी सगळं मान्य करत नाही. सिकलसेलचा हा दोष हिमोग्लोबिनच्या, म्हणजे लाल पेशीतल्या प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याच्या, रेणूत आहे हे १९४९ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. फार मोठा शोध होता तो. त्याच पाउलिंगनी १९६८मध्ये सुचवलं, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. एवढ्या बुद्धिमान माणसाला, कपाळावर गोंदलेलं घेऊन बाजारात जाणाऱ्या मुलीला काय वाटेल, हे सुचलं नसेल का? मला हे वाचून फार त्रास झाला होता. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हाही वाहकांकडे लोक कमीपणानं पाहू लागले आणि लग्नाच्या वेळी काहींनी निकाल लपवला. तुमच्या लेकीचं नाव रांगेत पुकारलं, ते मला याच जातीचं वाटतं. चाचणी बरोबर होती. पण तिला बाजूला बसवून दहा मिनिटं समजावणारं कुणी तिथे नव्हतं, आणि त्या दहा मिनिटांवाचून त्या चाचणीला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

जनुकात बदल करणारा उपचारही आता निघाला आहे. २०२३च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये, मग अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १८ कोटी रुपये होती. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि लगेच तो नडग्या चोळून घेणारा मुलगा आठवला. आपल्या भागातल्या रोग्याला आज उपयोग आहे तो दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळण्याचा.

तेव्हा कार्ड लपवू नका. लपवलं आणि तोही वाहक निघाला, तर ते दुखणं तुमच्या नातवंडाच्या वाट्याला येईल. मुलाच्या आईशी तुम्ही स्वतः बोला, कार्ड दाखवा आणि मुलाचंही रक्त तपासून घ्या असं सांगा. नुसत्या सोल्युबिलिटी या झटपट प्राथमिक चाचणीवर थांबू नका, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणी करा. मुलगा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल तर त्यात बहुधा तेही कळतं, आणि थॅलेसेमिया व सिकलसेल एकत्र आले तरी मूल आजारी पडू शकतं. दोघंही वाहक निघाले तरी लग्न करायचं की नाही, हे त्या दोघांनी समजून-उमजून ठरवावं. गरोदरपणात पहिल्या तीन-चार महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, हेही त्यांना माहीत असू द्या.

आणि लेकीला म्हणावं, मला स्वतः लिही. तिच्या मनात काय चाललंय ते तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.