घरच्या घरी पूर्ण आकाराचं जुनं लढाऊ विमान बांधता येतं का? एकट्याने करावं की भागीदार घेऊन?

येतं. फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरच्या नादी लागू नका. तो लंबवर्तुळाकार पंख भल्याभल्या कारखान्यांना जड गेला होता, आणि २७ लिटरचं मर्लिन इंजिन आणणार कुठून? फोकर डीआर. १ घ्या. पहिल्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, १९१७चं तीनपंखी, वरचा पंख जेमतेम ७.१९ मीटर, धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडी. अस्सल एकही उरलेलं नाही, दिसतात ती सगळी नंतर बांधलेली.

भागीदाराचं मात्र मला विचारू नका. किंवा विचारलंच आहे तर ऐका.

आम्ही दोघं मित्र. वरच्या पंखाचा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आडवा वासा, चिकटवला, त्याच इपॉक्सीने नेहमीसारखा एक नमुना तुकडाही जोडला. दुसऱ्या दिवशी तो मोडून पाहायचा असतो. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. आमचा तुकडा सांध्यावरच सुटला, लाकडाला ओरखडासुद्धा नाही. मित्राने क्लॅम्प इतके आवळले होते की सगळी इपॉक्सी बाहेर ओघळली होती. तो म्हणाला, "तुकडा वेगळा, स्पार वेगळा." क्लॅम्प आवळणारे हात तेच होते ना! मी करवत घेतली आणि स्पारचे दोन तुकडे केले. सात महिन्यांचं काम. तो त्या दिवशी गेला तो गेला. अजून लोकांना सांगतो की मी रागाच्या भरात पंख कापला.

राग होता, नाही म्हणत नाही. पण १९१७च्या ऑक्टोबरअखेर गोंटरमान या जर्मन वैमानिकाच्या अशाच फोकरचा वरचा पंख हवेतच फुटला आणि त्यात त्याचा जीव गेला. चौकशीत निघालं काय, तर हलगर्जी बांधणी आणि लाकडात शिरलेली ओल. वरच्या पंखावर भारही खालच्यापेक्षा जास्त येतो. तिथे 'चालून जाईल' चालत नाही.

माझ्या विमानाला आधुनिक रेडियल इंजिन आहे, म्हणजे सिलिंडर गोलात मांडलेले पण जागच्या जागी, म्हणून मित्र त्याला 'नकली' म्हणायचा. मूळ रोटरी इंजिनात प्रोपेलरबरोबर अख्खं इंजिनच फिरतं आणि वंगणाचं एरंडेल उडवतं. हौस असेल त्याने ते बसवावं.

हां, एक राहिलंच. पंखांवर कापड चढवण्याआधी आतलं काम तपासनिसाला दाखवा, नंतर काही दिसत नाही. आणि मुळात या विमानाला ब्रेक नव्हते, शेपटीला चाकाऐवजी दांडा. उतरताना गर्रकन फिरतं. माझं दोनदा फिरलं. पंख शाबूत आहे.