कर्त्या माणसाने किडनी द्यायची का?

पत्र: माझा नऊ वर्षांचा मुलगा डायलिसिसवर आहे. लघवीच्या मार्गात जन्मतःच पडदा होता, ऑपरेशन झालं, तरी दोन्ही किडन्या हळूहळू गेल्या. बाटलीच्या झाकणाने मोजून पाणी पितो. त्याचा रक्तगट ओ, माझा बी, म्हणून माझी चालत नाही. नवऱ्याचा ओ आहे. पण सासूबाई म्हणतात, "कर्ता माणूस टेबलावर घालायचा नाही." नवरा गप्प. माझी धाकटी बहीण तयार आहे. एकाने फोन करून बारा लाखांत माणूस देतो म्हणून सांगितलं. काय करू? – एक आई, सांगली जिल्हा

ताई,

आधी तो फोनवाला. त्याचा नंबर ब्लॉक करा आणि दागिने मोडायचा विचार डोक्यातून काढा. किडनीच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. पैसे देणाराही त्यात अडकतो, आणि तुम्ही आत गेलात तर लेकराकडे कोण बघणार?

आता तुमच्या घरातला खरा प्रश्न. नवरा गप्प आहे म्हणजे नाहीच म्हणतोय, असं धरून चालू नका. आईसमोर "हो" म्हटलं तर आई दुखावते, "नाही" म्हटलं तर बाप म्हणून तोंड दाखवायला जागा नाही. त्यांना एकटं गाठा, आणि "तुम्ही देणार की नाही?" असं विचारूच नका. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मग रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना सांगून डॉक्टरांशी त्यांची एकट्याची भेट घालून द्या. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेता येते, हे त्यांना त्या खोलीत ऐकू द्या.

सासूबाईंची भीती खोटी नाही. मुलगा आणि नातू, दोघांचाही जीव त्यांना प्यारा आहे. त्यांनाही डॉक्टरांकडे न्या. किडनी बहुधा दुर्बिणीने काढतात, दाता साधारण तीन-चार दिवसांत घरी येतो, जड ओझं मात्र काही आठवडे उचलायचं नाही. दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत एक ते तीन इतका आहे. शून्य नाही, आणि शून्य आहे असं सांगूही नका. राहिलेल्या एका किडनीवर माणूस कामधंदा करतो, फक्त बीपी, लघवी आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली) तपासणी दरवर्षी, जन्मभर. तपासण्यांत काही खटकलं तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात.

बहिणीचा मोठेपणा खरा. पण कायद्याच्या जवळच्या नात्यांत मावशी बसत नाही. पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं आणि 2011 च्या दुरुस्तीपासून आजी-आजोबा व नातवंडं, एवढीच ती यादी. बहिणीला प्राधिकार समितीपुढे, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, जावं लागेल, कागद लागतील, तिच्या घरच्यांनाही विचारलं जाईल. वाट बंद नाही, लांबची आहे. (आजी यादीत आहेत हे सासूबाईंना टोमणा म्हणून ऐकवू नका. त्यांनी स्वतःहून विचारलं तर मात्र हसून उडवू नका, तपासणी करून घ्या.)

तुम्हीही बाद नाही. अशाच अडलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते: तुमची किडनी त्यांच्या रुग्णाला, त्यांची तुमच्या मुलाला. ओ गटाच्या मुलासाठी जोडी जुळणं अवघड, तरी नाव घाला. रक्तगट जुळत नसतानाही काही ठिकाणी प्रत्यारोपण करतात, खर्च वाढतो. शिवाय बसवलेली किडनी बहुधा आयुष्यभर पुरत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला पुढे आणखी एक लागू शकते, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या तपासण्यांचे कागद एका फाइलीत सांभाळून ठेवा. मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव आजच रुग्णालयामार्फत लावा. तुमच्या भागाची यादी पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, असते. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेतून किती मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा.

आणि मुलाशी बोला. भिंतीपलीकडचं भांडण त्याला ऐकू येतं. आपल्यामुळे घर तुटतंय असं त्याच्या मनात बसायच्या आत, तुम्ही दोघांनी मिळून त्याला सांगा की हा आजार त्याने आणलेला नाही, आणि किडनी कोण देणार हे ठरवायचं काम मोठ्यांचं आहे.