भाकरी, पान, घोडा: ‘न फिरवल्यामुळे’

प्रश्न असा आहे: ‘भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला?’ या कोड्याचं उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असं सगळे सांगतात. पण भाकरी आपण उलटतो, फिरवत नाही. मग उत्तर भाकरीला बसतं का? आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, की हा श्लेष आहे?

आधी भाकरीचं बघू, कारण शंका तिथेच आहे आणि ती रास्त आहे. तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं की ती पालथी करायची. या क्रियेला उलटणं किंवा परतणं म्हणतात. त्या कामाच्या साधनाचं नावच मुळी उलथनं. पण भाकरी तिथे पुरी होत नाही. चुलीवर करणारी बाई तवा बाजूला करते, आर म्हणजे निखारे पुढे ओढते आणि भाकरी त्याच्यापुढे उभी टेकवते. आच लागते ती खालच्या कडेला. म्हणून बोटांनी ती कडेकडेने सरकवत न्यायची, पूर्ण गोल फिरेपर्यंत. तेव्हा कुठे पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते आणि कड कच्ची राहत नाही. या कामाला फिरवणं हाच शब्द आहे. तव्यावरही जाळ एका बाजूला जास्त असेल तर भाकरी जागच्या जागी फिरवावी लागते. तेव्हा कोड्यातला शब्द अगदी नेमका आहे. गॅसच्या शेगडीवर जाळ चारी बाजूंनी सारखा मिळतो, त्यामुळे उलटणं तेवढं नजरेसमोर राहिलं आणि फिरवणं मागे पडलं. शंका येण्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

विड्याच्या पानांचं फिरवणं निराळं. ओल्या फडक्यात रचलेली पानं तशीच राहिली तर मधली उबतात, एकाला डाग पडतो आणि तो शेजारच्याला लागतो. पानवाला म्हणून रोज थर सोडतो, डागी पान काढून टाकतो, खालची वर आणि वरची खाली करतो. इथे गोल असं काहीच फिरत नाही, नुसता क्रम बदलतो. घोड्याचं आणखी निराळं. त्याला फिरवायचं म्हणजे बाहेर काढून चालवायचं, रपेट द्यायची, लगाम आणि टाच ओळखायला लावायचं. हे काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. ठाणावर बांधून ठेवलेलं जनावर ऐन वेळी पाय रोवून उभं राहतं. ‘अडेलतट्टू’ हा शब्द त्यातूनच आला, आणि घोडी गेली तरी माणसांसाठी टिकला.

म्हणजे भाकरी स्वतःभोवती, पान थरातल्या थरात आणि घोडा मैदानावर. हालचाली तीन, पण गाभा एकच: एका जागी, एका स्थितीत राहू न देणं. म्हणून याला मी श्लेष म्हणणार नाही. श्लेषात एका उच्चाराचे दोन परके अर्थ शेजारी येतात. दिव्याची ‘वात’ आणि अंगातला ‘वात’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक ‘वर्ति’पासून आलेली, दुसरा वारा या अर्थाचा संस्कृत शब्द. ‘फिरवणे’ मात्र एकच क्रियापद आहे, त्याच्या अर्थाला फांद्या फुटल्या आहेत.

हा भेद इतका महत्त्वाचा का, तर हे कोडं भाषांची शीव ओलांडू शकलं ते त्यामुळेच. आपल्याकडे ते बिरबलाच्या गोष्टीत येतं. हिंदीत अमीर खुस्रोच्या (१२५३–१३२५) नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘दोसुखन्यां’मध्ये ते आहे, म्हणजे दोन प्रश्न आणि दोहोंना मिळून एक उत्तर: ‘पान सड़ा क्यों? घोड़ा अड़ा क्यों? फेरा न था.’ फेरना आणि फिरवणे सख्खी भावंडं आहेत, त्यामुळे कोडं जसंच्या तसं इकडे आलं. त्याच्याच जोडीचं दुसरं घ्या: ‘ब्राह्मण प्यासा क्यों? गधा उदासा क्यों? लोटा न था.’ ब्राह्मणापाशी पाण्याचा लोटा नव्हता आणि गाढव जमिनीवर लोळलं नव्हतं. मराठीत लोटा आहे, पण गाढव लोळतं. आपलं ‘लोटणे’ म्हणजे ढकलणे. ‘समोसा क्यों न खाया? जूता क्यों न पहना? तला न था’ यात आपण अगदी जवळ जातो, तरी समोसा ‘तळला नव्हता’ आणि जोड्याला ‘तळ नव्हता’ असे दोन तुकडे होतात. उच्चाराच्या योगायोगावर उभी असलेली कोडी हिंदीतच राहिली.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र मराठीने यात केलेलं काम. हिंदीतले पान आणि घोडा दोन्ही पुल्लिंगी, म्हणून ‘फेरा न था’ हे दोघांना चालतं. आपल्याकडे तो घोडा, ती भाकरी आणि ते पान. तिन्ही लिंगं एका कोड्यात! करपली, सडलं, अडला. आता ‘फिरवला नाही’ म्हटलं तर भाकरी आणि पान दोन्ही सुटतात. एका शब्दात उत्तर द्यायचं तर लिंग न दाखवणारं रूप हवं, आणि ते ‘न फिरवल्यामुळे’ या रूपात सापडतं. ‘फिरवला, फिरवली, फिरवलं’ हे तिन्ही प्रत्ययापूर्वी ‘फिरवल्या-’ या एकाच सामान्यरूपात येऊन मिळतात. कोड्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या याच साच्यात सांगितलं गेलं ते यासाठी. हे कुणी व्याकरण उघडून ठरवलेलं नसणार, बोलणाऱ्यांच्या कानाने ते केलं.

उत्तरेकडच्या काही पाठांत चौथी गोष्ट म्हणून विद्याही येते, ती विसरली कारण फेरली नाही. मराठीत विद्येची उजळणी करतात, त्यामुळे ती आपल्या कोड्यात आली नाही. पण अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं म्हणतो तेव्हा त्या ‘आवर्तना’त फिरवणंच आहे.

भाकरीचं फिरवणं राजकारणातही रुळलं आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये शरद पवार मुंबईत पक्षाच्या युवकांसमोर म्हणाले की भाकरी फिरवावी लागते, नाही तर करपते. २ मे रोजी त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ५ मे रोजी तो निर्णय मागे घेतला. या वाक्प्रचाराचा अर्थ जुन्यांच्या जागी नवे आणणं असा घेतात. बारकाईने पाहिलं तर हे भाकरीपेक्षा पानवाल्याच्या फिरवण्याला जवळचं आहे: खालची वर, वरची खाली. भाकरी फिरली तरी भाकरी तीच राहते.

अशी कोडी अजूनही जुळवता येतात. ‘लावणे’ घ्या. घरात चोर का शिरला? देवघरात अंधार का? मुलगा का बिघडला? तिन्हींचं उत्तर ‘न लावल्यामुळे’: दार, दिवा आणि शिस्त. पुन्हा तिन्ही लिंगं आहेत आणि उत्तराचा साचाही तोच. पण जुन्या कोड्याचा कस याला नाही. तिथे भाकरी, पान, घोडा यांची नावं प्रश्नातच आहेत, आणि जे फिरवायचं तेही तेच. इथे दार, दिवा आणि शिस्त उत्तर देणाऱ्याला मनात आणावे लागतात. प्रश्नातल्या नामालाच थेट लागू पडेल असं मराठी क्रियापद सापडलं तर कोडं पक्कं होईल. ‘काढणे’ आणि ‘सोडणे’ यांत शोधायला भरपूर वाव आहे.